पेनिसिलिनाची स्फटिकरचना

पेनिसिलिनाची स्फटिकरचना : बेंझिल पेनिसिलीन (पेनिसिलीन-जी) या गंधकयुक्त कार्बनी संयुगाच्या सोडियम, पोटॅशियम व रुबिडियम लवणांच्या स्फटिकांचा क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास करून त्याच्या रेणूची संरचना १९४५ मध्ये इंग्लंडात निश्चित करण्यात आली. हे कार्य डोरोथी क्रोफुट हॉजकिन व बार्बरा लो यांनी ऑक्सफर्ड येथे आणि चार्ल्स बन व ॲन टर्नर-जोन्स यांनी नॉर्थविच (चेशर परगणा) येथील औद्योगिक प्रयोगशाळेत केले. रसायनशास्त्रज्ञांमध्ये ज्या संयुगाच्या संरचनेविषयी तीव्र मतभेद होते व रासायनिक पुराव्याने ज्यांचा निकाल लागत नव्हता, अशा एका महत्त्वाच्या पदार्थाच्या बाबतीत क्ष-किरण स्फटिकविज्ञानाने दिलेला निर्णय अंतिम ठरला, हे या संशोधनाचे ऐतिहासिक वैशिष्ट्य होय. तत्पूर्वी १९३२ मध्ये जे. डी. बर्नाल यांनी स्टेरॉल संयुगांच्या स्फटिकांच्या मापांवरून त्या संयुगांची त्या काळी मान्य असलेली सूत्रे चुकीची असल्याचे दाखविले होते. परंतु तेथे स्फटिकविज्ञानाने केवळ शंका उपस्थित केली व दुरुस्ती रसायनशास्त्रज्ञांनीच केली. पेनिसिलिनाच्या बाबतीत मात्र रेणूतील अणूंची मांडणी प्रत्यक्ष स्फटिकावरूनच काढण्यात आली.

पार्श्वभूमी : पेनिसिलियम वंशातील बुरशीच्या सूक्ष्मजंतुनाशक गुणधर्माचे निरीक्षण अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी लंडनमधील सेंट मेरीज रुग्णालयात १९२८ मध्ये केले व त्याचा वृत्तांत १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. या बुरशीच्या द्रवातील क्रियाशील पदार्थ अलग करण्याचे काम ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, एर्न्स्ट चेन, नॉर्मन हीटली व त्यांचे सहकारी यांनी हाती घेतले. मे १९४० मध्ये उंदरांवर आणि फेब्रुवारी १९४१ पासून रुग्णांवर या पदार्थाचे प्रयोग करण्यात आले. पहिला रुग्ण एक पोलीस शिपाई होता. त्याच्या प्रकृतीत प्रथम आश्चर्यकारक सुधारणा झाली, परंतु औषधाचा साठा संपल्यामुळे तो दगावला. त्याच्या मूत्रातून बाहेर पडणारे औषध पुन्हा वेगळे काढून त्यालाच टोचण्यापर्यंत मजल गेली होती, यावरून या पदार्थाच्या दुर्मिळतेची कल्पना येईल. [⟶ प्रतिजैव पदार्थ].

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांसाठी हे औषध मोठ्या प्रमाणावर मिळविणे निकडीचे झाले. त्यासाठी दोन मार्ग संभवत होते. एक म्हणजे बुरशी अधिक चांगल्या रीतीने वाढविणे. हा मार्ग प्रामुख्याने अमेरिकेत अनुसरण्यात आला. मोठ्या टाक्यांमध्ये हवा खेळवून केलेले किण्वन, मक्याच्या स्टार्च उद्योगातील उपपदार्थाचा पोषक द्रव्य म्हणून केलेला उपयोग आणि बुरशीचे अधिक उत्पादनक्षम वाण यांमुळे तो यशस्वी झाला. दुसरा मार्ग प्रयोगशाळेत संश्लेषण करण्याचा होता. सल्फा औषधे याच मार्गाने मिळाली होती व म्हणून ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांतील अनेक विद्यापीठे व औषध कंपन्या यांच्या रसायनशास्त्रज्ञांना या कामी लावण्यात आले. तथापि ज्या रेणूची संरचना ठाऊक नाही, त्याचे संश्लेषण करणे म्हणजे आराखड्याविना इमारत उभारण्यासारखेच होते. संरचनेचा प्रश्न त्यामुळे केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा राहिला नाही. दोन्ही देशांतील संशोधनाचे अहवाल गुप्त ठेवले जात आणि ठराविक व्यक्तींमध्येच त्यांची देवाणघेवाण होई.

गंधकाचा उलगडा : प्रारंभीच्या नमुन्यांत अशुद्ध द्रव्यांचे प्रमाण फार मोठे होते. ऑक्सफर्ड येथे तयार केलेल्या बेरियम लवणाच्या विश्लेषणावरून जे सूत्र सुचविण्यात आले होते, त्यात गंधकाला स्थानच नव्हते. पेनिसिलिनात गंधक असल्याचे १९४३ च्या उन्हाळ्यात ध्यानात आले, तेव्हा रसायनशास्त्रज्ञांना आपला बराचसा विचार नव्याने सुरू करावा लागला. याच सुमारास पेनिसिलिनाच्या जलीय विच्छेदनातून मिळणाऱ्या एका ॲमिनो अम्लाची ओळख पटली. त्याला पेनिसिलामाइन हे नाव देण्यात आले. सिस्टीन या नेहमीच्या गंधकयुक्त ॲमिनो अम्लाच्या गंधकाला जोडलेल्या कार्बनावर दोन मिथिल गट बसविले असता जे संयुग मिळते, ते हे होय. मात्र प्राण्यांच्या प्रथिनांत आढळणाऱ्या ॲमिनो अम्लांच्या उलट, म्हणजे आरशातील प्रतिमेसारखे, त्याचे विन्यसन असते. निसर्गात क्वचितच आढळणारे हे विन्यसन एका बुरशीने का स्वीकारावे, हा प्रश्न त्या वेळी अनेकांना कोड्यात टाकणारा होता.

आणखी एक घोटाळा असा होता, की ऑक्सफर्ड व अमेरिका येथील पेनिसिलीन एकच नव्हते. बुरशीला मिळणाऱ्या पोषक द्रव्यांनुसार रेणूची उपशाखा बदलत असे. ऑक्सफर्डच्या पदार्थात पाच कार्बन अणूंची असंतृप्त शाखा, तर अमेरिकेतील पदार्थात बेंझिल गट होता. यांपैकी बेंझिल पेनिसिलीन अधिक सुलभपणे स्फटिकरूपात येते. त्याचे सोडियम लवण स्फटिकरूपात मिळविण्यात ऑस्कर विंटरस्टाइनर व त्यांचे सहकारी यांना अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात १९४३ मध्ये यश आले. बेंझिल पेनिसिलिनाच्या रेणूत कार्बनाचे १६, हायड्रोजनाचे १८, नायट्रोजनाचे २, ऑक्सिजनाचे ४ व गंधकाचा १ अणू असतो.

संरचनेविषयीचा वाद : विच्छेदनातून मिळणारे तुकडे ओळखल्यावर प्रश्न बराच सोपा झाल्यासारखे वाटले. पेनिसिलीन पाण्याच्या दोन रेणूंशी संयोग पावून फुटते, तेव्हा पेनिसिलामाइन व पेनाल्डिक अम्ल असे दोन भाग मिळतात. त्यांपैकी दुसऱ्यातून कार्बन डाय-ऑक्साइड निघून जाऊन पेनिलोआल्डिहाइड उरते. म्हणजेच हे दोन भाग पाण्याचे दोन रेणू गमावून एकमेकांशी कसे जोडले गेले आहेत, एवढेच ठरवावयाचे होते. पाण्याचा पहिला रेणू कोठून गेला, याविषयी बहुतेकांचे एकमत होते. पेनिसिलामाइनाचा गंधक व नायट्रोजन हे दोन्ही आल्डिहाइड गटाच्या कार्बनाशी जोडले जाऊन थायाझोलिडीन नावाचे पाच अणूंचे वलय बनते. त्यात तीन कार्बन, एक नायट्रोजन व एक गंधक असतो. वाद होता तो पाण्याच्या दुसऱ्या रेणूविषयी.

रॉबर्ट रॉबिन्सन हे त्या काळातील ब्रिटनमधील अग्रगण्य कार्बनी रसायनशास्त्रज्ञ. वनस्पतिज पदार्थांवरील कार्याबद्दल पुढे १९४७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या मते दुसरा पाण्याचा रेणू पेनाल्डिक अम्लातील कारबॉक्सिल गट व त्याच भागातील अमाइड गट यांच्यामधून जातो आणि ऑक्झॅझोलोन हे पाच अणूंचे दुसरे वलय तयार होते. दोन पाच-अणू वलये एका बंधाने जोडलेली आहेत, असे हे चित्र होते. ऑक्झॅझोलोन संयुगे अतिशय क्रियाशील असतात. पेनिसिलीनही तसेच असते : अम्ल, क्षार, अल्कोहॉल, जड धातूंची लवणे, यांपैकी कशानेही ते नष्ट होते. शिवाय अम्लाच्या साध्या क्रियेने पेनिसिलिनाचे पेनिलिक अम्लात होणारे रूपांतर या सूत्रावरून चांगले समजावून सांगता येई.

एडवर्ड एब्रहॅम व चेन यांनी १९४३ च्या उत्तरार्धात निराळा पक्ष मांडला. पेनाल्डिक अम्लाचा कारबॉक्सिल गट थायाझोलिडीन वलयातील नायट्रोजनाशीच जोडला जात असावा, असे एब्रहॅम यांनी सुचविले. तसे असल्यास दोन वलये एक बाजू सामाईक असलेली, एकमेकांत गुंतलेली असतात व दुसरे वलय अवघ्या चार अणूंचे असते. अशा वलयाला बीटा-लॅक्टम म्हणतात. त्यांचा मुख्य आधार साधा होता. रॉबिन्सन यांच्या सूत्रातील थायाझोलिडीनाचा नायट्रोजन मुक्त असल्याने तो क्षारकीय असावयास हवा; पण अनुमापनात पेनिसिलिनात असा क्षारकीय गट आढळत नव्हता. पेनिसिलीन फुटले की मात्र तो प्रकट होई.

या सूचनेला झालेला विरोध अकारण नव्हता. चार अणूंच्या वलयातील बंधांना नेहमीच्या कोनांपासून फार मुरडावे लागते, त्यामुळे अशी वलये निसर्गात सहसा आढळत नाहीत. आणि प्रयोगशाळेत तयार केलेली जी बीटा-लॅक्टम संयुगे तोपर्यंत माहीत होती, ती पेनिसिलिनाइतकी नाजूक नव्हती. बीटा-लॅक्टम पेनिसिलिनाइतके अस्थिर का असावे, याचे समाधानकारक उत्तर एब्रहॅम यांच्यापाशी नव्हते. रॉबिन्सन यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे तरुण ऑस्ट्रेलियन रसायनशास्त्रज्ञ जॉन कॉर्नफोर्थ (यांनाही १९७५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले) यांनी तर, हे सूत्र खरे ठरले तर आपण रसायनशास्त्र सोडून अळिंबीची लागवड करू, अशा आशयाचे उद्गार काढले होते. अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्ड यांनी मात्र बीटा-लॅक्टम सूत्राची बाजू उचलून धरली. या दोन सूत्रांतील अणूंची संख्या तंतोतंत सारखी असल्यामुळे मूलद्रव्यांचे विश्लेषण कितीही अचूक केले तरी वाद मिटणे शक्य नव्हते. अवरक्त वर्णपटांचा पुष्कळ अभ्यास झाला, परंतु त्यांचा अर्थ लावण्यासाठी तुलनेला लागणारी ज्ञात संयुगे पुरेशी नव्हती. रॅने निकेलाच्या साहाय्याने गंधक काढून टाकून उरलेल्या पदार्थाचा अभ्यास अमेरिकेत करण्यात आला व त्याचा कल बीटा-लॅक्टमाकडे होता. तरीही रेणूची प्रत्येक रासायनिक क्रिया रेणू बदलून टाकते, म्हणून मूळ रेणूबद्दल त्यावरून काढलेले अनुमान हे शेवटी अनुमानच राहते, असा आक्षेप घेता येण्यासारखा होता.

स्फटिकवैज्ञानिक पद्धती व तिच्या अडचणी : स्फटिकात अणूंची एकच मांडणी तिन्ही दिशांना पुनःपुन्हा येते. या मांडणीच्या सर्वांत लहान एककास एकक कोशिका म्हणतात. स्फटिकावर क्ष-किरण टाकले असता ते विशिष्ट दिशांना विवर्तित होतात व छायाचित्रण फिल्मवर ठिपक्यांची रांगोळी उमटते. ठिपक्यांच्या जागांवरून एकक कोशिकेची मापे व सममिती समजते. ठिपक्यांचा कमीअधिक ठळकपणा कोशिकेतील अणूंच्या स्थानांवर अवलंबून असतो. स्फटिकाची घनता मोजली म्हणजे कोशिकेच्या घनफळावरून रेणुभारही काढता येतो आणि याला अल्प नमुना पुरतो, ही गोष्ट पेनिसिलिनासारख्या दुर्मिळ पदार्थाच्या बाबतीत मोलाची होती. [⟶ क्ष-किरण, स्फटिकविज्ञान].

ठिपक्यांच्या तीव्रतेवरून तरंगाचा परमप्रसर कळतो, पण कला कळत नाही. तरंग एकमेकांत मिसळून इलेक्ट्रॉनांच्या घनतेचा नकाशा तयार करावयाचा तर दोन्ही गोष्टी लागतात. दूरवरून ऐकू येणाऱ्या वाद्यवृंदातील प्रत्येक सुराची तीव्रता माहीत आहे, पण कोणता सूर केव्हा सुरू झाला हे ठाऊक नाही, अशा स्थितीत मूळ रचना लिहून काढण्यासारखे हे काम आहे. या अडचणीतून त्या वेळी दोन वाटा होत्या. पहिली, संभाव्य रचना मनाशी कल्पून तिच्यापासून किती तीव्रता मिळाव्यात याचे गणित करणे व ते निरीक्षणांशी ताडून पाहणे. दुसरी, रेणूत एखादा जड अणू घालून त्याची जागा प्रथम शोधणे. ए. एल. पॅटर्सन यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या फलनामुळे कला माहीत नसतानाही अणूंमधील अंतरे शोधता येऊ लागली होती व त्या नकाशात जड अणू उठून दिसतात. जड अणू बदलला तरी स्फटिकाची बांधणी तशीच राहिली, तर दोन स्फटिकांच्या तीव्रतांतील फरकावरून कला ठरविता येतात. जे. एम. रॉबर्टसन यांनी थॅलोसायनीन संयुगांवर १९३६ च्या सुमारास हे करून दाखविले होते. परंतु थॅलोसायनिनाचा रेणू चपटा व सममित असून त्याचे रासायनिक सूत्र अगोदरच माहीत होते. सूत्रच ठाऊक नसलेला, वेडावाकडा रेणू या पद्धतीने सोडवून दाखविण्याचा प्रसंग अद्याप आलेला नव्हता.

ऑक्सफर्ड व नॉर्थविच येथील कार्य : हॉजकिन (१२ मे १९१० – २९ जुलै १९९४) यांचा जन्म कैरो येथे झाला. ऑक्सफर्ड येथील समरव्हिल महाविद्यालयात शिक्षण घेतल्यावर त्यांनी केंब्रिज येथे बर्नाल यांच्याबरोबर संशोधन केले. पेप्सीन या प्रथिनाच्या ओल्या स्फटिकाचे पहिले सुस्पष्ट विवर्तन चित्र १९३४ मध्ये त्या दोघांनीच मिळविले. त्याच वर्षी त्या ऑक्सफर्डला परतल्या. तरुण वयातच त्यांना संधिवाताने गाठले व हाताची बोटे कायमची वाकडी झाली. त्यांची प्रयोगशाळा विद्यापीठाच्या संग्रहालयाच्या इमारतीत होती. स्फटिक पाहण्याचा सूक्ष्मदर्शक उंच सज्जावर खिडकीपाशी ठेवलेला असे व तेथे शिडीने चढून जावे लागे. नाजूक स्फटिक हातात घेऊन त्या ती शिडी चढत-उतरत. पेनिसिलिनाचे काम पूर्ण झाले तेव्हाही विद्यापीठात त्यांना नियमित अध्यापकाची जागा नव्हती. ती १९४६ मध्ये मिळाली.

बेंझिल पेनिसिलिनाचे स्फटिक १९४४ मध्ये अमेरिकेतून अल्प प्रमाणात इंग्लंडला आले. सोडियम लवणाचे काम नॉर्थविच येथे बन यांच्याकडे देण्यात आले. ऑक्सफर्ड येथे हॉजकिन व त्यांची विद्यार्थिनी लो यांनी पोटॅशियम व रुबिडियम लवणे घेतली. या वाटणीमागे विचार होता. पोटॅशियम (अणुक्रमांक १९) व रुबिडियम (३७) यांची लवणे परस्परांशी समरूप, समचतुर्भुजी (एकमेकींस लंब असलेल्या तीन असमान अक्षांची) होती व त्यांची तुलना करून कला ठरविता येण्यासारख्या होत्या. सोडियम लवणाचे स्फटिक एकनत समूहातील व अगदी निराळ्या बांधणीचे होते. शिवाय सोडियम हा (११) गंधकापेक्षाही (१६) हलका असल्याने तेथे जड अणूची पद्धत लागू पडत नव्हती. म्हणून बन यांनी कल्पित रचनांच्या चाचणीचा मार्ग पत्करला. त्यासाठी ते एक प्रकाशीय युक्ती वापरीत. कल्पित रेणूच्या आकृतीच्या असंख्य सूक्ष्म प्रतिमा ओळीने मांडलेल्या पट्टीतून प्रकाश पाठविला म्हणजे क्ष-किरणांच्या चित्रासारखे विवर्तन चित्र मिळते व ते खऱ्या चित्राशी डोळ्यांनीच ताडून पाहता येते. अनेक लहान भिंगांच्या या उपकरणाला ‘माशीचा डोळा’ म्हणत.

दोन्ही ठिकाणी पुढे सरकणे कष्टाचे झाले. रुबिडियम व पोटॅशियम यांच्यावरून सर्वच ठिपक्यांची चिन्हे निश्चित होत नव्हती. पहिले नकाशे एका दिशेने पाहिलेल्या प्रक्षेपाचे असत. त्यांत एका अणूवर दुसरा अणू पडल्यामुळे शिखरे ओळखता येत नसत. त्यात रेणूचा एकंदर आकारही अपेक्षेप्रमाणे नव्हता. लांबट, पसरलेला रेणू मनाशी धरून केलेल्या चाचण्या फसल्या, कारण प्रत्यक्षात तो वळून स्वतःभोवती मुडपलेला होता. रसायनशास्त्रज्ञांचे वर्चस्व असलेले सूत्र हाताशी असताना त्याच्या प्रभावापासून दूर राहणे हेही सोपे नव्हते, आणि म्हणून ज्या सूत्राचा निवाडा करावयाचा तेच गृहीत धरले जाण्याचा धोका सतत होता. अखेर ऑक्सफर्ड व नॉर्थविच येथील नकाशे शेजारी ठेवून पाहण्यात आले. दोन सर्वस्वी निराळ्या स्फटिकांत जे आकार सारखे आढळतील ते रेणूचे असले पाहिजेत व उरलेले पद्धतीतील दोषांमुळे आलेले असले पाहिजेत, असा तर्क येथे उपयोगी पडला. दोन स्वतंत्र स्फटिकांनी एकमेकांची साक्ष दिल्यामुळेच निष्कर्षाला बळकटी आली. हा भाग या साऱ्या संशोधनातील सर्वांत शिकण्यासारखा म्हणता येईल.

आकडेमोड ही दुसरी मोठी अडचण होती. घनतेच्या नकाशातील प्रत्येक बिंदूपाशी शेकडो पदांची बेरीज करावी लागे. त्यासाठी बीव्हर्झ व लिप्सन यांनी १९३६ मध्ये तयार केलेल्या, ज्या-कोज्या यांच्या किंमती छापलेल्या कागदी पट्ट्या वापरात होत्या. प्रक्षेपांना त्या पुरेशा होत्या. परंतु तिन्ही मिती धरून केलेले गणित त्यांच्याने वेळेत पुरे होणे दुरापास्त होते. हे काम लंडन येथे एल. जे. कॉम्री यांच्या संगणन सेवेकडे सोपविण्यात आले व छिद्रे पाडलेल्या पत्रिका वाचणाऱ्या यंत्रांवर ते पार पडले. एवढ्या गुंतागुंतीच्या कार्बनी रेणूच्या त्रिमितीय नकाशासाठी अशा यंत्रांचा उपयोग करण्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण होय.

यूरोपातील युद्ध संपण्याच्या सुमारास, १९४५ च्या मे महिन्यापर्यंत, रेणूचे चित्र स्पष्ट झाले होते. पारदर्शक पत्र्यांवर घनतेच्या समोच्च रेषा काढून ते पत्रे एकावर एक रचले, की अणूंची शिखरे डोळ्यांपुढे उभी राहत. अशी प्रतिकृती ऑक्सफर्ड येथील विज्ञानेतिहासाच्या संग्रहालयात जतन करण्यात आली आहे.

रेणूचे स्वरूप : नकाशात चार अणूंचे वलय स्पष्ट दिसले व एब्रहॅम-चेन यांचा पक्ष खरा ठरला. थायाझोलिडीन व बीटा-लॅक्टम ही वलये एका कार्बन-नायट्रोजन बंधाने जोडलेली असून ती एका प्रतलात नसतात, तर अर्धवट उघडलेल्या पुस्तकाच्या दोन पानांप्रमाणे त्या सामाईक बंधापाशी दुमडलेली असतात. चौकोनी वलयातील कोन ९० अंशांच्या आसपास असतात. रेणूतील तीन असममित कार्बन अणूंचे परस्परसापेक्ष विन्यसनही यातून कळले. निरपेक्ष विन्यसन क्ष-किरणांवरून थेट ठरविण्याची बायव्हूट यांची पद्धत १९५१ मध्ये आली. तथापि पेनिसिलामाइनाचे विन्यसन रासायनिक मार्गाने माहीत असल्यामुळे येथे तिची वाट पाहावी लागली नाही.

बीटा-लॅक्टमाच्या विरोधकांनी उपस्थित केलेल्या अस्थिरतेच्या प्रश्नाचे उत्तर या आकारातच होते. साध्या अमाइडात नायट्रोजनाभोवतीचे तीन बंध जवळजवळ एका प्रतलात असतात व त्यामुळे नायट्रोजनावरील इलेक्ट्रॉन शेजारच्या कार्बोनिल गटाशी वाटले जाऊन बंधास स्थैर्य येते. पेनिसिलिनात दुमडलेल्या वलयांमुळे नायट्रोजन या प्रतलातून बाहेर ढकलला जातो. ही वाटणी नीट होऊ शकत नाही व वलयातील ताणाची त्यात भर पडते. म्हणून एकटे बीटा-लॅक्टम वलय टिकाऊ असले, तरी थायाझोलिडिनाशी जखडलेले तेच वलय चटकन फुटते.

परिणाम : युद्धकाळात सैनिकांना मिळालेले पेनिसिलीन या शोधामुळे मिळाले, असे कधीकधी लिहिले जाते; ते बरोबर नाही. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले तेव्हाच किण्वनाने तयार केलेला भरपूर साठा हाताशी होता आणि संरचना निश्चित झाली ती त्यानंतर जवळजवळ एक वर्षाने. संश्लेषणावर खर्ची पडलेल्या प्रचंड श्रमांचे फलित त्या वेळी नगण्य होते. व्हिन्सेंट द्यू व्हीन्यो व त्यांचे सहकारी यांनी १९४६ मध्ये कृत्रिम बेंझिल पेनिसिलिनाचा लेशमात्र अंश अलग केल्याचे जाहीर केले. गंमत अशी, की तो पेनिसिलामाइन व एक ऑक्झॅझोलोन यांच्या संयोगातून, म्हणजे हरलेल्या पक्षाच्या कल्पनेवर आधारलेल्या विक्रियेतून मिळाला होता. दोन्ही देशांच्या शासकीय समित्यांनी संरचनेसंबंधीचे त्रोटक निवेदन डिसेंबर १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. स्फटिकवैज्ञानिक कार्याचा सविस्तर वृत्तांत मात्र १९४९ मध्ये, पेनिसिलिनाच्या रसायनशास्त्रावरील प्रिन्स्टन येथून निघालेल्या बृहद्ग्रंथात छापून आला. फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक १९४५ मध्येच मिळाले होते. हॉजकिन १९४७ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्य झाल्या आणि १९६४ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्यात पेनिसिलिनाबरोबरच १९५६ मध्ये पूर्ण झालेल्या ब-१२ जीवनसत्त्वाच्या संरचनेचाही विचार होता.

खरा लाभ पुढे दिसून आला. बीटा-लॅक्टम वलय सौम्य परिस्थितीत मिटविण्याची युक्ती शोधून जॉन शीहान यांनी मॅसॅच्यूसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९५७ मध्ये पेनिसिलीन-व्हीचे पहिले पद्धतशीर संश्लेषण केले. १९५९ मध्ये इंग्लंडातील एका कंपनीच्या संशोधकांनी उपशाखा नसलेला मूळ गाभा (६-ॲमिनोपेनिसिलॅनिक अम्ल) अलग केल्याचे प्रसिद्ध केले. या गाभ्यास हव्या त्या शाखा जोडून मेथिसिलीन (१९६०), अँपिसिलीन (१९६१) यांसारखी अर्धसंश्लेषित पेनिसिलिने बनविता येऊ लागली. सेफॅलोस्पोरीन-सी या जवळच्या संयुगाची स्फटिकरचना १९६१ मध्ये हॉजकिन व ई. एन. मॅस्लेन यांनी काढली. त्यातही बीटा-लॅक्टम आढळले; त्याला जोडलेले गंधकाचे वलय मात्र सहा अणूंचे होते.

पेनिसिलीन सूक्ष्मजंतूंना कसे मारते, हेही त्याच्या आकारावरून उमगले. जंतूच्या पेशीभित्तीतील साखळ्या एकमेकींस गुंफणारे एंझाइम ॲलॅनीन या ॲमिनो अम्लाच्या एका जोडीवर क्रिया करते. पेनिसिलिनाचा दुमडलेला रेणू त्या जोडीसारखा दिसत असल्याने एंझाइम फसते व ताणलेले वलय फुटून त्याला कायमचे चिकटते, अशी उपपत्ती टिपर व स्ट्रॉमिंजर यांनी १९६५ मध्ये मांडली. जंतूंचे प्रत्युत्तर याच वलयावर नेम धरणारे आहे. एब्रहॅम व चेन यांना १९४० मध्ये, म्हणजे औषध प्रचारात येण्याच्याही आधी, पेनिसिलीन नष्ट करणारे एंझाइम एका जंतूत आढळले होते. ते बीटा-लॅक्टमातील अमाइड बंध तोडते, हे संरचना कळल्यावर स्पष्ट झाले. मेथिसिलिनाला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस जंतू १९६१ मध्येच ब्रिटनमध्ये आढळले. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेले क्लॅव्ह्युलॅनिक अम्ल हे या एंझाइमाला निष्क्रिय करते. त्यात पेनिसिलिनातील गंधकाच्या जागी ऑक्सिजन असतो. ज्या मूलद्रव्याच्या शोधाने १९४३ मध्ये कोडे सुटावयास प्रारंभ झाला, ते औषधाच्या क्रियेला अपरिहार्य नाही व चार अणूंचे वलय मात्र अपरिहार्य आहे, असे त्यावरून दिसते. स्टॅफिलोकॉकस जंतूच्या बीटा-लॅक्टमेज एंझाइमाची स्फटिकरचना १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली.

भारतात पेनिसिलिनाचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन पुण्याजवळ पिंपरी येथे सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या शासकीय कंपनीच्या कारखान्यातून १९५५ पासून ते बाहेर पडू लागले. हॉजकिन यांच्या ऑक्सफर्ड येथील गटात एम. विजयन हे भारतीय वैज्ञानिक होते. इन्शुलिनाची संरचना १९६९ मध्ये निश्चित करणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. पुढे बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी प्रथिनांच्या स्फटिकविज्ञानाची शाखा उभी केली.